जामसांवलीचा पेढा

प्रतिभाला दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं. दोन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, तरी माझी बायको तीन महिने गप्पच होती. म्हणून नागपूरला विजेचा शॉक ठरला. उपाशीपोटी आणा, असं बजावलं होतं. पण पांढुर्ण्याहून निघाल्यावर आईने जीप जामसांवलीला वळवून मारुतीचा पेढा सुनेच्या तोंडात घातला. “काही खाल्लं?” डॉक्टरांनी विचारलं. “पाणीबी नाही पेली,” आई म्हणाली. मी ते खोडलं नाही. प्रसादाला कोण खाणं म्हणते? प्रतिभाला टेबलावर झोपवलं. “खरं सांगा,” डॉक्टर म्हणाले, “पोटात काही असलं तर बेशुद्धीत श्वासनळीत जाऊन जीवही जातो.” आईने मान खाली घातली. खरं सांगून आज शॉकविना परतलो तर घरची विहीर तिथंच होती. नर्स भुलीची सुई टोचायला वाकली, तोच प्रतिभाने हात ओढून घेतला. “थांबा. मी पेढा खाल्ला.”