खाणीचं तळं

"जरा कठड्याजवळ घे," मुकादम म्हणाला.

तिने चाकाची खुर्ची कठड्याला भिडवली. खाली जुन्या दगडखाणीत पाणी साठून तळं झालं होतं. त्यात पायडलच्या होड्या फिरत होत्या. पलीकडे नदी. बागेच्या पाटीवर खाणमालकाचं नाव हातभर अक्षरांत होतं. दगड फोडणाऱ्यांपैकी कुणाचंच नव्हतं.

मुकादम नव्वदीला टेकला होता, पण जीभ तासलेली होती. "आम्ही हाडं मोडून खड्डा केला, यांनी बदकं सोडली."

"काका, तुमच्या सुनेनं तासभरच सोडलंय तुम्हाला. कशाला आणलंय ते सांगितलं ना?"

"तुझ्या आईचं विचारायला."

"महिन्यापूर्वी बाबा गेले. शेवटपर्यंत एकच धोशा, ट्रकवाल्याचा हात धरून गेली. मला त्या ड्रायव्हरचं गाव हवंय. आई जिवंत असेल तर तोंडावर विचारायचंय, सहा वर्षांची पोर टाकून जाताना पाय कसा उचलला म्हणून."

"विचारून काय मिळणार?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही गाव सांगा."

मुकादमाने चष्मा पुसला. "चाळीस वर्षं झाली, पोरी. छप्पन्न ड्रायव्हर यायचे. खडी भरायचे, जायचे."

"दिवस तरी आठवतो? दुपारी सुरुंग होता म्हणे. त्या गडबडीत ती निसटली."

"सुरुंगाचं विचार, सगळं पाठ आहे. तीन शिट्ट्या. मग वर आलेली माणसं मी स्वतः मोजायचो. हजेरीबुकाशी आकडा जुळल्याशिवाय वातीला काडी लावली नाही. बावीस वर्षांत एक माणूस गेला नाही माझ्या हाताखाली. साहेबानं घड्याळ दिलं त्याबद्दल."

"मग आई त्या दिवशी वर आली होती? मोजलंत तिला?"

मुकादम हसला. "बायकांची कसली हजेरी? नवराबायको जोडीनं राबायचे, मजुरी नवऱ्याच्या नावावर. बुकात नाव नाही, तर मोजायचं काय?"

खालून होडीतल्या कुणीतरी हात हलवला. मुकादमानेही हलवला. ती कठडा धरून उभी राहिली.

"म्हणजे त्या दिवशीही आकडा जुळला," ती म्हणाली.

"बरोब्बर जुळला. म्हणून तर ती ड्रायव्हरची गोष्ट मी रचली आणि तुझ्या बापाला सांगितली."