दुसरी ओळ

एका सकाळीत अकरा वेळा. लॅपटॉपमधली नोंद तिने पुन्हा बोट ठेवून मोजली. काल साडेसात ते नऊ या वेळात बाबांनी तो अकरा वेळा सुरू केला होता. परवा तेरा वेळा.

डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर तिने लिहिलं, ‘एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतात.’ त्याच्या वर आधीच लिहिलं होतं, ‘एकटेच बोलतात. विचारलेलं चटकन सांगत नाहीत.’ हे शेवटचं तिला जास्त लागलं होतं. बाबांनी तीस वर्षं पाणीखात्यात नळांचे नकाशे काढले. कोणत्या गल्लीत कोणता व्हॉल्व्ह, हे झोपेतून उठवलं तरी सांगायचे. खात्यातली पोरं अजून फोन करत. पण हल्ली बाबा म्हणत, “तासाभराने कर रे. नकाशा बघून सांगतो.”

अकरा वाजता स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. बाबांना तिने नुसतं ‘तपासणी’ एवढंच सांगितलं होतं.

घरात लॅपटॉप एकच. नकाशांचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चाले, तिच्या संध्याकाळच्या कोर्सला नवी लागे. दोन महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतून दमून आल्यावर तिने एका बैठकीत हार्ड डिस्कचे दोन भाग केले. अर्धी जागा बाबांना, अर्धी स्वतःला. सुरू करताना पडद्यावर दोन ओळी येत. पहिली तिच्या सिस्टिमची, दुसरी बाबांच्या.

“खालच्या बाणाची कळ दाबायची, मग एंटर. दुसऱ्या कशाला हात लावू नका हं, माझं सगळं पुसलं जाईल,” असं तिने बजावलं होतं. तसं काही होणार नव्हतं. पण समजावत बसायचं त्राण नव्हतं.

आज रजा होती. एका हातात गार झालेला चहा आणि दुसऱ्यात डॉक्टरांचा कागद धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बाबांची पाठ तिच्याकडे होती.

दोन ओळी आल्या. बाबांनी चष्मा सारखा केला. उजवा हात उचलला, तो थरथरत होता. डाव्या हाताने त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं आणि बोट कळांवरून अगदी हळू नेलं, शेजारच्या कशालाही लागू नये असं. बाणापाशी ते पोचतच होतं, तेवढ्यात ओळी गेल्या आणि तिची सिस्टिम आपोआप उघडली.

“पुन्हा तिच्याच घरात!” बाबा पडद्याला म्हणाले. “माफ करा हं, चुकून आलो.”

कशालाही न शिवता, ती पूर्ण उघडेपर्यंत ते थांबले. मग नीट बंद केली. लॅपटॉप परत सुरू केला.

चौथ्या खेपेला तिला राहवलं नाही. तिने कप ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“बाबा, रोज असंच होतं?”

“रोज नाही ग. परवा दुसऱ्याच फटक्यात जमलं होतं.” मग जरा विचार करून ते म्हणाले, “नाही, परवा नाही. गेल्या मंगळवारी.”

“आणि खात्यातले फोन?”

“ती पोरं रस्ता खणतात. माझ्या नुसत्या आठवणीवर कसं खणू द्यायचं? नकाशा उघडला की सांगतो.”

तिने हातातल्या कागदाची घडी केली, मग त्या घडीची आणखी एक. “अहो, ओळी दिसायचा तो वेळ मी घातलाय. पाच सेकंद. माझी सिस्टिम लवकर उघडावी म्हणून. मिनिटभर करता येतो, काढूनही टाकता येतो. मला एकदा म्हणायचं नाही का?”

बाबांनी थरथरता हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला.

“जागा तू अगदी अर्धी दिलीस,” ते म्हणाले. “वेळ पाचच सेकंद ठेवलास, तेव्हा मला वाटलं, तुझ्याकडे तेवढाच उरत असेल.”