शफीभाईंचा अंदाज

नर्सनं शफीभाईंना काचेमागच्या खोलीत बोलावलं. काचेपलीकडे टेबलावर त्यांची बायको परवीन पडली होती. गळ्यापर्यंत हिरवी चादर, डोळे उघडे. मनगट बधिर करून तिथूनच तार हृदयापर्यंत नेली होती. टेबलाजवळच्या डॉक्टरांनी रंग सोडला. पडद्यावर रक्तवाहिनी काळीभोर, सरळ वाहताना दिसली.

"पाहा! कुठी काय आहे?" शफीभाई म्हणाले. "मी दोन वर्सं झाले सांगून राहिलो, ग्यास आहे."

शफीभाई संत्र्याचे व्यापारी. मोर्शी-वरुडकडच्या बागा झाडावरच पाहून घ्यायचे. फळ तळहातावर घेतलं की आतून पोला का भरीव, सांगून मोकळे. कापून पाहणाऱ्यांना ते हसत. खरं सांगायचं तर गडी चुकतही नसे. बायकोलाही त्यांनी तसंच जोखलं. गाल लाल, हात कामात, मग दुखतंय कुठं? ओवा खा, म्हणाले. लेकीच्या सासरी बसून, "नखरे आहेत हो सारे," असं चारचौघांत सांगितलं. सगळे हसले, परवीनही हसली. त्यानंतर तिनं छातीचं नाव काढलं नाही. परवा कपडे वाळत घालता घालता ती पडली आणि शेजारणींनी तिला उचलून अमरावतीला आणलं.

शफीभाईंशेजारी पडद्यापाशी बसलेल्या डॉक्टर प्रणालींचं समाधान झालं नव्हतं. "यात फक्त रक्त वाहताना दिसते, भाऊ. भिंत दिसत नाही. आतून सोनोग्राफी करून पाहू."

तारेवरून एक बारीक नळी आत सरकली. पडद्यावर राखाडी गोल उमटला. प्रणालींनी त्यावर बोट फिरवलं.

"ही भिंत. हा सगळा चरबीचा थर. नस बाहेरच्या अंगानं फुगत गेली आणि थर सगळीकडे सारखा, म्हणून रंगात कळलं नाही. रक्ताला वाट उरली एवढीच."

मधे काळा ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा.

"कधीपासून असंन हे?"

"वर्षं लागतात, भाऊ. त्यांना दुखत असणारच."

शफीभाईंना काहीच वाटेना. लाज नाही, भीती नाही. कागद पुढे आला, त्यांनी दाखवलं तिथं सही केली. पेन हातातच राहिला.

प्रणालींनी माइकचं बटण दाबलं. "परवीनताई, आत मोठा अडथळा सापडला. आता आम्ही स्टेंट टाकतो. घाबरू नका."

परवीननं मान वळवून काचेकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी कानावरून उशीवर ओघळलं.

"घाबरून नाही राहिली मी, बाई," स्पीकरमधून तिचा आवाज आला. "लाख शुकर अल्लाचे. मले तर वाटे, मीच खोटं बोलून राहिली."