फाटकावरचा डोळा

“सलामत पागी, मनकुमार लिंबू,” कारखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने तिथल्या भाषेत गोड आवाजात सुप्रभात म्हटलं आणि हिरवा दिवा लागला.

कॅमेऱ्यासमोर उभा होता नेपाळी कामगार डंबर राई. तो मुकाट्याने आत गेला, बाजूच्या दाराने बाहेर आला आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. या वेळी यंत्राने त्याला डंबर म्हटलं. म्हातारे पहारेकरी रोस्ली, सगळ्यांचे पाकचिक म्हणजे काका, चहाच्या पेल्यात बघत राहिले.

कलैवाणीने मात्र सगळं पाहिलं. कारखान्यातली सगळी यंत्रणा सांभाळणारी इंजिनिअर ती, आणि तीच रोज सकाळी पाकचिकांच्या खिडकीशी उभी राहून वहीत सही करायची. कॅमेऱ्याला तिचा चेहरा चेहराच वाटत नव्हता. ज्यांनी त्याला माणसं ओळखायला शिकवलं, त्यांच्या शेजारीपाजारी कोणी काळंसावळं नसावं. पहिला आठवडा तिने तोंडावर मोबाईलची टॉर्च मारून पाहिली. मग तिने नाद सोडला.

नेपाळी मुलं निदान दिसायची तरी. पण यंत्राच्या लेखी ती सगळी एकाच आईची लेकरं होती.

त्याच दिवशी मॅनेजर तेओंनी तिला बोलावलं.

“कलै, सोमवारी बाहेरदेशीचे पाहुणे येतायत. आपल्या नळ्या त्यांच्या दवाखान्यांत जातात. त्यांना दाखवायचंय, की आमच्याकडे सहा देशांची माणसं आहेत आणि आम्ही प्रत्येकाला नावानिशी ओळखतो.”

“ओळखत नाही, सर.”

“म्हणूनच तुला बोलावलं. शुक्रवारपर्यंत ओळखायला लाव. एकही माणूस सुटता कामा नये.”

“नाही सुटणार.”

दुपारी ती कँटीनमध्ये भात घेऊन बसली, तसा डंबर समोर येऊन बसला. त्याने ताट आणलं नव्हतं.

“दिदी, यंत्र दुरुस्त करताय म्हणे.”

“हो.”

“थोडं बावळटच राहू द्या ना त्याला.”

ती जेवायची थांबली. मग त्याने सांगितलं. मनकुमारला कावीळ झाली होती. होस्टेलात वरच्या पलंगावर पडून होता. आजारपणाची रजा संपली. आता एक जरी खाडा लागला तर एजंट त्याला विमानात बसवणार, आणि एकदा असा परत पाठवलेला माणूस पुन्हा येत नाही. डॉक्टर म्हणाला होता, महिनाअखेरीपर्यंत उभा राहील.

“त्याच्या वाटचं काम आम्ही वाटून घेतो. एक नळी कमी जात नाही, दिदी. आत सगळ्यांच्या तोंडाला मास्क, कोण मोजतंय. फक्त फाटकाचा प्रश्न.”

“जमणार नाही, डंबर.”

“मग त्याच्या एकट्याचा नवा फोटो घ्यायचा राहू द्या.”

“एकाचाही राहणार नाही. सरांना शब्द दिलाय.”

डंबरने खुर्ची मागे सरकवली.

“तुम्ही तोंडावर टॉर्च मारून उभ्या असायच्या ना, तेव्हा मागे रांग खोळंबायची. आमच्यातलं कोणी कधी हसलं नाही. वाटलं होतं, तुम्हाला कळेल.” तो उठला. “ठीक आहे, मॅडम.”

इतक्या दिवसांच्या दिदीची मॅडम झाली. कलैवाणीला ते फार लागलं. ताटातला भात तिने तसाच टाकून दिला.

मग ती कामाला लागली. एकेकाला बोलावून समोरून, डावीकडून, उजवीकडून नवे फोटो काढले. फाटकावर आणखी एक दिवा बसवून घेतला.

“हा कशाला?” तेओंनी विचारलं.

“सावळे चेहरे नीट दिसावेत म्हणून.”

“ही नेपाळी पोरं कुठे एवढी सावळी आहेत?”

“असू दे, सर. उजेड जास्त झाला म्हणून काही बिघडत नाही.”

शुक्रवारी तेओ स्वतः फाटकावर आले. पडद्यावर नावांची रांग होती आणि प्रत्येक नावापुढे हिरवी खूण. मनकुमार लिंबूच्या नावापुढेही. डंबरने ती पाहिली. मनकुमार कामावर लागला त्या दिवसाचा जुना फोटो तिने शोधून काढला असणार, असं त्याला वाटलं.

तरी तो कॅमेऱ्यासमोर गेला.

“डंबर राई.”

बाजूने बाहेर येऊन, टोपी काढून पुन्हा उभा राहिला. मान थोडी तिरकी केली.

“डंबर राई.”

तेओंनी टाळी वाजवली. “वा. आता एकाच्या जागी दुसरा खपायचा नाही.”

डंबर तिच्या शेजारून गेला, पण त्याने मान वर केली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण तेओ शेजारीच उभे होते.

“आणि तुझं काय, कलै? तुझा चेहरा कधी घालणार यात?”

“बघू नंतर. सहीची सवय झालीय आता.”

“दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” तेओ हसत म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी होस्टेलात डंबरने मनकुमारची बॅग भरली. मनकुमार पलंगावरून नुसता बघत होता. त्याने घरी अजून कळवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पाळीची रांग लागली. आज कोणी कोणाशी थट्टामस्करी करत नव्हतं. एकेकाचं नाव घेत यंत्र दार उघडत होतं, आणि एकदाही चुकत नव्हतं.

कलैवाणीने खिडकीशी जाऊन नेहमीसारखी सही केली. पेन पाकचिकांना परत दिलं. मग आत जायच्याऐवजी ती वळून रांगेत शिरली, थेट डंबरच्या पुढे.

“मॅडम, तुम्ही त्याला दिसत नाही,” तो म्हणाला.

नव्या दिव्याखाली तिने हनुवटी जराशी वर केली. पाकचिक रोस्ली चहाच्या पेल्यात बघत राहिले. हिरवा दिवा लागला.

“सलामत पागी, मनकुमार लिंबू.”