चौदा नंबरची तक्रार

"लिहा," रोलांद मिशो म्हणाली. "रस्त्यावरचा बर्फ हटवताना चौदा नंबरच्या मशीनने माझ्या फाटकात कमरेएवढा बर्फाचा बांध घातला. तिसरी तक्रार."

गेतांने पेन उचललं नाही. नोव्हेंबरात माँट्रियलहून बदली होऊन आल्यापासून नगरपालिकेच्या बर्फखात्यात त्याने पुष्कळ शिव्या खाल्ल्या होत्या. कुणाची गाडी गाडली गेली, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने कुणाच्या कुत्र्याचे पाय चरचरले, सगळं त्याने निमूट ऐकून घेतलं होतं. पण ही बाई वेगळीच. ओरडायची नाही, रडायची नाही. लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवायची आणि खुर्ची अडवून बसायची.

"बाई, रस्ता आमचा. फाटकासमोरचा बर्फ ज्याचा त्याने काढायचा."

"गुडघ्यापर्यंत. बांध त्याच्या वर गेला तर चूक चालकाची. आणि एका हिवाळ्यात तीन चुका भरल्या की चालक मशीनवरून खाली. पाठ आहे मला, साहेब."

पाठ असणारच. शिकवणारा गेतांच होता. जानेवारीत ती पहिल्यांदा आली तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं, की चौदा नंबरवाला म्हातारा झालाय, त्याला आता घरी बसवा. गेतां ऐटीत म्हणाला होता, "वय ही काही तक्रार होत नाही. डॉक्टरचा दाखला आहे त्याच्याकडे. बांधाबिंधाचं काही असेल तर बोला." बाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग बांधच लिहा." आपल्या हाताने धोंडा पाडून घेतला होता त्याने, आणि तोही दुसऱ्याच्या पायावर!

चौदा नंबरवर ऑरेल होता. अडुसष्ट वर्षांचा, त्यातले चाळीस हिवाळे याच बर्फखात्यात काढलेले. सकाळची फेरी संपली की खिडकीशी यायचा आणि कॉफीचा एक पेला गेतांपुढे सरकवायचा. परक्या गावात तेवढंच एक माणूस गेतांला आपलं वाटायचं. "दोन डॉक्टरांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने सही केली," ऑरेल डोळा मारून सांगायचा. "तिसरा शहाणा!"

तक्रारींचं कळलं तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. कुणी केल्या ते सांगायची सोय नव्हती, नियमच तसा.

"प्रत्येक फाटकाशी पातं वळवतो मी," तो म्हणाला. "बांध? माझ्या हातून? मला त्या मशीनवरून उतरवायचं असेल ना, तर चार खांदेकरी पाठवा म्हणावं."

पहिल्या दोन तक्रारी वरच्या साहेबांनी बाईने आणलेले फोटो बघून मान्य केल्या होत्या. आता ही तिसरी.

"तुमच्या गल्लीला दुसरा चालक देतो," गेतां म्हणाला. "मग तर झालं?"

"गल्लीचं काय घेऊन बसलात? त्याला मशीनवरून उतरवा."

"अहो, चाळीस वर्षं राबलाय तो! त्याच्या पोटावर पाय देताय तुम्ही."

"त्याच्या पोटाची काळजी तुम्ही नका करू."

गेतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या मी स्वतः येऊन मोजतो. आणि खोटं निघालं तर बघा."

"या की. पण दुपारी या. सकाळी मला वेळ नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरेल खिडकीशी आलाच नाही. कॉफीवाचून बसलेल्या गेतांने मनाशी ठरवलं, काही झालं तरी या माणसाला वाचवायचंच. एक वाजता तो मोजपट्टी घेऊन तिच्या फाटकाशी उतरला.

बांध होता. चांगला कमरेएवढा. पण बघताक्षणीच गेतांला हसू फुटलं. मशीनचा बांध मळका असतो, खडीमिठाचा, रस्त्याच्या कडेने लांबच लांब. हा पांढरा शुभ्र होता, नेमका फाटकाच्या रुंदीचा, आणि त्यावर फावड्याचे चौकोनी घाव अजून ताजे होते. मागचं अंगण पार गवतापर्यंत खरवडलेलं.

रोलांद पायरीवर उभी होती, फावडं हातात घेऊन.

"हा मशीनचा बांध नाही, बाई! हा तुम्ही रचलाय!"

"हळू बोला. लोक झोपलेत."

"भर दुपारी?"

"ज्यांना झोपेची गरज आहे ते झोपतात." मग ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "हो, मी रचलाय. एकटीने. तिन्ही वेळा."

"अंगणातला बर्फ रस्त्यावर टाकणं हाच गुन्हा आहे. तक्रार रद्द. वर तुम्हाला दंड."

"करा दंड. उद्या पुन्हा रचीन. परवाही रचीन. या गावात बर्फाला तोटा नाही आणि मला कंटाळा नाही."

"सत्तरीला आलात, थोडी तरी लाज वाटू द्या!" आता गेतांचा आवाज गल्लीभर गेला. "त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

बाईने फावडं पायरीवर टेकवलं. पण नजर तिने खाली घातली नाही.

गेतांने तिच्या डोळ्यांदेखत तक्रारीचा फॉर्म फाटकावर ठेवला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: तक्रार खोटी, चालक निर्दोष, मशीनवर कायम. खाली झोकदार सही ठोकली. इतक्या आनंदाने त्याने या गावात दुसरी कुठलीही सही केली नव्हती.

तेवढ्यात तिच्या मागचं दार किलकिलं झालं आणि आतून ऑरेलचा झोपाळलेला आवाज आला, "बायको, कोण ओरडतंय गं? ऑफिसातलं कुणी असेल तर पहाटे छातीत कळ आलेली सांगू नकोस हं, मशीन काढून घेतील माझं."