मंजुरीवाचून

"या डोईफोड्याला झालंय तरी काय?" सबनीस लॅपटॉपवरच डाफरले. एका संगणकभाषेची मूळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, जगाला खुला आणि फुकट, हे दोघंच अकरा वर्षं सांभाळत होते. सबनीस पुण्यात, डोईफोडे नांदेडला. भेट कधीच नाही. नियम मात्र कडक: एकानं केलेली दुरुस्ती दुसऱ्यानं तपासून मंजूर केल्याशिवाय आत घ्यायची नाही.

सबनिसांच्या ताज्या दुरुस्तीला महिना झाला, मंजुरी नाही. अडलेल्या दुरुस्तीचं स्मरणपत्र अकरा वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे रोज सकाळी आठला डोईफोड्यांना आपोआप जात होतं. दुरुस्ती रद्द केली की तेही थांबणार होतं. वैतागून सबनीस तेच करायला निघाले, तोच मेल आला.

"काका, मी डोईफोड्यांची मुलगी. बाबा महिन्यापूर्वी गेले. कळवायचं राहून गेलं. आठला तुमचं स्मरणपत्र वाजलं की बाबा चहा मागायचे. लॅपटॉप आम्ही अजून बंद केलेला नाही. तो वाजला की आई आजही दोन कप चहा टाकते. तेवढं थांबवू नका."

सबनिसांनी दुरुस्ती तशीच अडकून राहू दिली.

सकाळी आठला स्मरणपत्र गेलं. एकट्याच्या घरात सबनिसांनीही दोन कप चहा टाकला.