आणखी एक पट्टी

“आता ही पट्टी पण काढा, मिस्त्री. गंजून पार चाळण झालीय,” उत्तरेश्वर म्हणाला.

भीमाशंकरनं हातातला पाना खाली ठेवला. बेंबळीच्या या माणसाची पिकअप जुनी होती, मान्य. शेंगांची पोती वाहून वाहून तिचा बाहेरचा साज उतरला होता. पण आला तेव्हा फक्त दाराखालच्या पायऱ्या बदलायच्या होत्या. मग मागच्या हौद्याचे लाकडी कठडे निघाले. मग नाकावरची जाळी, मग दिव्यांच्या कड्या. एक काम संपत आलं की याला दुसरं काहीतरी झिजलेलं सापडायचं. नळदुर्गात ना याचं सोयरं, ना धायरं. तरी गडी धर्मशाळेत मुक्काम ठोकून बसला होता.

“तुमचा धंदा बुडतोय की,” भीमाशंकर म्हणाला.

“बुडू द्या. गाडी एकदा नीट दिसली पायजे.”

गाडी कुणाला नीट दिसायला हवी होती, ते भीमाशंकरला कळायला लागलं होतं.

लग्न झाल्यापासून त्याची बायको महानंदा कधी दुकानाकडं फिरकली नव्हती. भीमाशंकर घरी जाऊन जेवायचा. ही पिकअप दारात लागली आणि ती स्वतः भाकरी घेऊन यायला लागली. उत्तरेश्वरला आग्रहानं वाढायची. तो जेवून उठेपर्यंत पालथ्या डब्यावर बसून राहायची.

“पाव्हणं, परत कवा निघायचं?” ती विचारायची. “सोलापूरच्या वाटंवर शिपाई लई अडवत्यात म्हणं?”

“अडवत्यात की, वैनी. सरहद्दीपलीकडं संस्थानाविरुद्ध लढणाऱ्या पोरांची कँपं पडल्यात न्हवं. दिवस वाईट हायत,” उत्तरेश्वर म्हणायचा आणि उलट तिलाच विचारायचा, “तुमचं माहेर अणदूर ना? भाऊ काय करतो?”

“शांतलिंग? सोलापुरात गिरणीत लागलाय,” असं म्हणून ती हसायची.

त्या हसण्यानं भीमाशंकरच्या छातीत जाळ व्हायचा. त्याच्यासमोर ती अशी कधी हसली नव्हती. काळ्या हातांनी तो मुकाट्यानं पट्टी ठोकत बसे. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, तर आधी उत्तरेश्वरनं पाहिलं. महानंदाचं लक्षच नव्हतं. तिची नजर उत्तरेश्वरवर होती. हा माणूस कुठं बसतो, कुठं उठतो, कुठं जातो, सगळं ती बघत होती.

मग घरातलं पीठ संपायला लागलं. दोन माणसांच्या घरात ज्वारीचं दळण आठवडाभरसुद्धा पुरेना. आणि एका दुपारी उत्तरेश्वर नदीवर आंघोळीला जातो म्हणून उठला. महानंदा नुकतीच घरी गेली होती. भीमाशंकर दुकान तसंच उघडं टाकून निघाला.

बोरी नदीच्या काठावर त्याला महानंदा दिसली. डोक्यावर झाकलेली पाटी होती. मागं बघत, थांबत, तिनं पात्र ओलांडलं आणि पलीकडच्या पडक्या मठात शिरली. भीमाशंकर निवडुंगाच्या आडोशाला उभा राहिला. आत जे दिसलं असतं, ते घेऊन घरी कसं जायचं, हे त्याला कळेना. तो तिथूनच परतला. थोड्या वेळानं उत्तरेश्वर ओल्या केसांनी, गुणगुणत दुकानात आला.

“कुठं गेलतीस?” संध्याकाळी घरी भीमाशंकरनं विचारलं.

“मठात दिवा लावायला. पोर व्हावं म्हणून नवस बोलले होते,” महानंदा म्हणाली. मान मात्र वर केली नाही.

पोराचं नाव घेऊन ती खोटं बोलली, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. “आज लवकरच जाऊन येते मठात,” एवढंच म्हणाली. भीमाशंकर दुकानाकडं निघाला आणि वाटेतच ठाण्याकडं वळला. बायकोची गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. पण त्या दिवसांत माणूस आत टाकायला ‘कँप’ हा एक शब्द पुरे होता.

ठाण्याचे अधिकारी, अमीनसाहेब, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. भीमाशंकर हात जोडून उभा राहिला.

“हुजूर, बेंबळीचा उत्तरेश्वर. त्याची पिकअप माझ्या दुकानात हाय. त्यो कँपातल्या पोरांना मिळालाय. नदीपलीकडच्या पडक्या मठात जातो.”

अमीनसाहेब सावरून बसले. “पडक्या मठात? खबर पक्की?”

“भाकरीची पाटी आत जाताना ह्या डोळ्यांनी बघितलीय.”

“कोण नेतं पाटी?”

भीमाशंकर क्षणभर अडखळला. “त्योच नेतो.”

अमीनसाहेबांनी त्याच्याकडं जरा वेळ निरखून बघितलं. मग मागं वळून आतल्या खोलीकडं हाक मारली.

हातात चहाची बशी घेऊन उत्तरेश्वर बाहेर आला. त्यानं अमीनसाहेबांना सलाम केला आणि उरलेला चहा सावकाश संपवला.



“कँपातल्या त्या शांतलिंगचा ठिकाणा त्याच्या बहिणीकडून, तुझ्या बायकोकडून निघेल, म्हणून याला तुझ्या दुकानात बसवला होता,” अमीनसाहेब म्हणाले. “बाईनं खाऊ घातलं, पण एक अक्षर सांगितलं नाही.”

त्यांनी शिपायांना इशारा केला. पिकअप सकाळीच दुकानातून आणून ठाण्याच्या मागं लावलेली होती. बंदुका घेऊन शिपाई नव्या कठड्यांना धरून हौद्यात चढले. जागा पुरेना, तशी उरलेले दोघं दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर उभे राहिले. भीमाशंकर मध्ये आला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. एकानं त्याला बाजूला सारलं.

उत्तरेश्वरनं गाडी चालू केली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “त्या मठात म्या आजपातूर पाय ठिवला न्हाय.”